काळजी करणं वेगळं, काळजी घेणं वेगळं

आपल्या भाषेत एक गंमत आहे बघा, काळजी हा शब्द एकच, पण त्याला "करणे" लावलं की आपली झोप उडते आणि "घेणे" लावलं की समोरच्याला झोप लागते. आणि आपण बहुतेक जण पहिलं करत राहतो आणि दुसरं झालं असं समजतो. मी तर वर्षानुवर्षं हेच केलंय.

माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मोबाइलवर दिवसाला वीस-पंचवीस मेसेज यायचे, प्रार्थना करतोय, प्रभू सोबत आहे, काही लागलं तर नक्की सांग, मग हात जोडलेले इमोजी, आणि सगळे मनापासूनच पाठवत होते यात शंका नाही, पण त्या सगळ्यांना उत्तरं देता देता मी अजूनच दमायचे. मग एक दिवस भर दुपारी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या एक मावशी आल्या, न कळवता, आणि दारातून आत येता येता पहिलं वाक्य काय तर "पुढची गोळी किती वाजता?" म्हटलं चारला. "कुठली ती दाखव, आणि जाऊन झोप, पाचच्या आत उठायचं नाही." खिडकीत गोळ्यांचा प्लास्टिकचा डबा होता, सात वारांचे सात कप्पे, त्यांनी चष्मा लावून कप्प्यावरचं अक्षर वाचलं, मला दोनदा विचारून खात्री केली आणि मला अक्षरशः खोलीबाहेर काढलं. मी झोपले, कितीतरी दिवसांनी सलग तीन तास. उठून बघते तर भांडी घासलेली, वडिलांच्या उशीचा अभ्रा बदललेला, आणि मावशी त्यांच्या शेजारी गप्प बसलेल्या. प्रार्थना? केली की, जाताना, उभ्या उभ्या, चार वाक्यांची.

तेव्हापासून मी हा विषय जरा नीट वाचायला घेतला, थोडं करूनही बघितलं, त्यात चुकलेही भरपूर. ते सगळं इथे लिहितेय. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू नाही आणि नर्सही नाही, तेव्हा त्या हिशोबानेच वाचा.

आधी आपलं टाका

बायबलमधलं १ पेत्र ५:७ सगळ्यांना पाठ असतं, आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका कारण तो तुमची काळजी घेतो. पण हे वचन एकटंच भिंतीवर लावल्यामुळे त्याच्या आधीची ओळ आपण विसरतो, ती आहे देवाच्या हाताखाली लीन व्हा. मूळ ग्रीकमध्ये ही दोन वेगळी वाक्यं नाहीतच, चिंता "टाकून" लीन व्हा अशी एकच रचना आहे. म्हणजे चिंता कवटाळून बसणं हा एक प्रकारचा ताठा झाला, मीच सगळं सांभाळणार हा ताठा. मला हे वाचून जरा झोंबलं होतं.

आणि ते "टाकणे" क्रियापद नव्या करारात अजून फक्त एकदा येतं, लूक १९:३५ मध्ये, येशूला बसवायला शिष्य गाढवाच्या शिंगरावर आपली वस्त्रं टाकतात तिथे. म्हणजे हळूच ठेवणं वगैरे काही नाही, अंगावरचं काढून दुसऱ्याच्या पाठीवर टाकायचं आणि मोकळं व्हायचं. पुढे "तो तुमची काळजी घेतो" आहे ना, त्याचा शब्दशः अर्थ "त्याला तुमचं पडलेलं आहे" असा काहीसा होतो. हेच क्रियापद मार्क ४ मध्ये वादळात शिष्यांच्या तोंडी आहे, गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काही पडलंय की नाही? आणि लूक १० मध्ये मार्था हेच विचारते, बहीण मला एकटीला कामाला लावून बसलीय, याचं तुम्हाला काहीच नाही का. मला तरी हे वाचून बरं वाटतं, की देवाला हा प्रश्न तोंडावर विचारलेला चालतो.

आता हे करायचं कसं. मी एक कागद घेते, मध्ये उभी रेघ मारते, डावीकडे जे आज माझ्या हातून होण्यासारखं आहे ते (रिपोर्ट आणायचा, भावाला फोन, चादर धुवायची), उजवीकडे जे माझ्या हातात नाहीच ते (रिपोर्टमध्ये काय येईल, भाऊ काय म्हणेल, किती दिवस उरलेत). उजवी बाजू मोठ्याने वाचून देवाला सांगायची, आणि मग कागद दुमडून डावीकडचं पहिलं काम उठून करायचं. दुसऱ्या दिवशी उजवीकडचं सगळं परत माझ्याच डोक्यावर आलेलं असतं, मग परत टाकायचं, इलाज नाही.

हे आधी का, तर आपल्या डोक्यावरचं न उतरवता आपण आजाऱ्याला भेटायला गेलो की पाच मिनिटांत आपलीच कहाणी सुरू होते. मी गेलेय अशी. त्या बाईच्या पायाला प्लास्टर आणि ती माझं सांत्वन करतेय.

शोमरोन्याने नक्की काय केलं ते मोजा

लूक १० मधली शोमरोन्याची, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्या लोकांतल्या एकाची गोष्ट इतकी ऐकलीय की आता ऐकू येत नाही. यरुशलेमेहून यरीहोला जाणारी उताराची वाट, माणूस अर्धमेला पडलाय. याजकाने, म्हणजे देवळातल्या पुरोहिताने पाहिलं, लेव्याने, म्हणजे देवळातल्या सेवकाने पाहिलं, शोमरोन्यानेही पाहिलं. पाहिलं तिघांनी. फरक पडला तो नंतर, तो जवळ गेला.

मग त्याने केलेल्या गोष्टी बघा, एकही गोष्ट मोठी नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, म्हणजे स्वतः बहुधा पायी चालला, उतारशाळेत नेलं, रात्री तिथेच राहून शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून दिले, मत्तय २० मधल्या मजुरांच्या हिशोबाने दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तर हे दोन दिवसांचे. आणि म्हणाला अजून खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन.

आणि मग तो आपल्या कामाला गेला! हे कुणी सांगतच नाही. त्याने प्रवास रद्द केला नाही, त्या माणसाला आयुष्यभर घरी नेऊन ठेवलं नाही. एक रात्र, दोन दीनार, एक विश्वासू उतारशाळेवाला आणि परत चौकशीला यायचा शब्द. ज्यांना वाटतं की एकदा मदत केली की आपण अडकलो, त्यांनी ही गोष्ट परत वाचावी. आणि ज्यांना वाटतं की मी सोडलं तर सगळं कोसळेल, त्यांनी तर दोनदा.

तर जाण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, माझ्याकडे आत्ता काय आहे, वेळ किती, पैसे किती, आणि माझ्यानंतर कोण. दोन तास असतील तर दोन तास म्हणा. "मी आहे ना, कधीही सांग" म्हणून नंतर फोन न उचलण्यापेक्षा "मंगळवारी चार ते सहा मी येते" हे शंभरपट बरं.

पोट आधी, वचन मग

१ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतोय. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि आता म्हणतो पुरे झालं, माझा जीव घे. आपल्यापैकी कुणी तिथे असतं तर लगेच सुरू झालं असतं, अहो तुम्ही एवढे मोठे संदेष्टे, विश्वास ठेवा, बाकीच्यांनी तुमच्याकडे बघून काय शिकायचं. देवाने दूत पाठवला आणि दूत काय म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. त्याने खाल्लं आणि परत झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, परत तेच, ऊठ, खा, वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. जाब नाही, उपदेश नाही. "एलीया, तू इथे काय करतोस" हा प्रश्न देवाने विचारला खरा, पण चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

याईराच्या बारा वर्षांच्या मुलीचंही तसंच. ती मेलेली उठून चालायला लागलीय, घरातले सगळे थक्क, आणि येशू म्हणतो हिला काहीतरी खायला द्या. चमत्काराच्या गडबडीत पोरीला भूक लागली असेल हे फक्त त्याच्याच लक्षात.

म्हणून मी आता घरात शिरल्यावर मनात एक यादी ठेवते, हा माणूस जेवलाय का, झोपलाय का, औषध वेळेवर घेतोय का, आंघोळ झालीय का, घरात पैसे आहेत का. यातलं काही राहिलं असेल तर ते आधी. आणि हो, सेवा करणारं जे माणूस घरात आहे, बायको, मुलगी, सून, कोण असेल ते, त्यांनाही तेच पाचही प्रश्न, कारण सगळे रोग्याला विचारतात आणि त्यांच्याकडे कुणी बघतही नाही.

"काही लागलं तर सांग" हे वाक्य बंद करा

खरंच बंद करा. ज्याला काही लागतंय त्याला आता काय लागतंय हे ठरवायचं, मग कुणाला सांगायचं ते ठरवायचं, मग लाज गिळून फोन करायचा, ही तीन कामं आपण त्याच्यावरच ढकलतो.

येशूने बार्तीमयाला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? माणूस आंधळा आहे, काय हवंय ते सगळ्या गर्दीला दिसतंय, तरी विचारलं. म्हणजे विचारायचं नाही असं मी म्हणत नाहीये, पण विचारणं असं हवं की उत्तर सोपं जाईल. मी दोन पर्याय देते. "उद्या जेवणाचा डबा पाठवू की परवा?" "मुलांना शाळेतून मी आणू की आईजवळ बसू?" "डॉक्टरकडे सोबत येऊ का, आत नाही आले तरी बाहेर बसेन." आणि मेसेज पाठवायचाच असेल तर शेवटी लिहायचं, उत्तर द्यायची गरज नाही. हे चार शब्द म्हणजे वरदान आहे, मला विचारा.

नाही म्हटलं तर? तर नाही. पुढच्या आठवड्यात परत एकदा विचारायचं, रुसायचं नाही.

तोंड सांभाळा

मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले, कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. काय सुंदर मित्र! मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. पुढचे कितीतरी अध्याय ते देवाची बाजू मांडतात, आणि शेवटी ४२व्या अध्यायात देवच त्यांच्यावर रागावतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत.

आपल्याकडची ठरलेली वाक्यं आठवा. देवाची इच्छा. देवाला त्यांची जास्त गरज होती. प्रभू झेपेल तेवढंच देतो. विश्वास कमी पडला असेल, उपास धरून बघा. घरात काही पाप राहिलंय का? हे शेवटचं तर मी स्वतःच्या कानाने ऐकलंय, लहान मूल गेलेल्या आईला विचारताना, आणि मी तिथे गप्प बसले याची मला आजही लाज वाटते. योहान ९ मध्ये शिष्यांनीही तसंच विचारलं होतं, कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी, आणि येशू म्हणाला यानेही नाही आणि त्यांनीही नाही.

मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी जाताना येशूला माहीत होतं की काही मिनिटांत लाजर बाहेर येणार आहे. तरी मरीयेला रडताना बघून तो रडला. ज्याच्याकडे खरोखर उत्तर होतं तो आधी रडला, आपल्याकडे तर उत्तरही नसतं. तेव्हा "मला काय बोलावं कळत नाहीये, पण मी बसते इथे" हे पुरतं. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा, लोकांना वाटतं नाव काढलं तर दुःख होईल, उलट नाव कुणी काढतच नाही याचंच दुःख जास्त.

प्रार्थना करायची तर विचारून करा, "आत्ता प्रार्थना केली तर चालेल का?" आणि छोटी करा. प्रार्थनेच्या नावाखाली डोळे मिटून उपदेश करायची एक कला आपल्या लोकांना चांगली अवगत आहे, हे प्रभू, या बहिणीला समज दे की तिने... तसलं नको.

आणि एक कडू गोष्ट, ग्रुपवरच्या प्रार्थनाविनंत्या. "अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं लग्न मोडायच्या मार्गावर आहे, सविस्तर सांगत नाही." झालं, सांगून झालं सगळं! त्या घराने परवानगी दिली नसेल तर आजाराचं नाव, पैशाची अडचण, घरातली भांडणं यातलं काहीही पुढे पाठवायचं नाही. देवाला नाव माहीत असतं, ग्रुपला कळायची गरज नाही.

एकट्याने नको

निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलाय, आणि त्याचा सासरा इथ्रो येऊन सरळ म्हणतो तू करतोस ते ठीक नाही, तू झिजून जाशील आणि हे लोकही. प्रेषित ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत सुटत होत्या, कुरकुर झाली, तर प्रेषितांनी सात जण नेमायला सांगितले, आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, सगळी ग्रीक नावं. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटणी दिली. आपल्या कमिट्यांनी शिकण्यासारखं आहे.

आमच्याकडे आता एखादं घर अडचणीत आलं की एक जण समन्वयाला, त्या घरचे फक्त त्या एकाशीच बोलतात. बाकीच्यांचे वार ठरलेले. कोण रात्री बसणार, कोण गाडी चालवणार, कोण फॉर्म भरून देणार (हे काम कुणाला सुचत नाही आणि सगळ्यात जास्त लागतं). गलती ६ मध्ये दोन वाक्यं जवळजवळ आहेत, दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा आणि पाचव्यात प्रत्येकाने आपापला भार वाहावा. विरोधाभास वाटतो, पण ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, एक अंगाबाहेरचं जड ओझं आणि एक ज्याचं त्याने न्यायचं गाठोडं. समोरच्याचं गाठोडंही हिसकावून घेऊ नका, ज्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःची बटणं लावता येतात त्याला लावू द्या, दहा मिनिटं लागली तरी.

आणि काही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या नसतात हे मान्य करा. कुणी जगायचं नाही म्हणालं तर ते गंभीरपणे घ्या, सरळ विचारा, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या. घरात मारहाण होत असेल त्या बाईला "सहन कर, प्रार्थना कर" सांगून परत पाठवू नका, आधी ती सुरक्षित कुठे राहील ते बघा. औषधं बंद करा असं कुणालाही, कधीही, कुठल्याही साक्षीच्या जोरावर सांगू नका.

अजून एक, हे सगळं फक्त मंडळीतल्या घरांपुरतं नाही. रोमन सम्राट यूलियान, ३६१ ते ३६३ एवढीच त्याची कारकीर्द, त्याला ख्रिस्ती धर्म मुळीच आवडत नव्हता, आणि त्यानेच आपल्या एका पुरोहिताला पत्रात तक्रार लिहिली की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणायचा) स्वतःचे गरीब तर पोसतातच, वर आमचेही पोसतात. विरोधकाने चिडून दिलेलं असलं सर्टिफिकेट मला फार आवडतं. आणि त्या मदतीला गळ लावू नका, उपासनेला आलात तर डबा असं असेल तर तो डबा नव्हे, आमिष झालं.

आणि तुमच्यावर वेळ आली की घ्या

हे मला सगळ्यात जड गेलं. येशू शिष्यांचे पाय धूत होता तेव्हा पेत्रानेही धुवून घ्यायला नाही म्हटलं होतं, माझे पाय कधीच धुणार नाहीस म्हणाला, आणि येशू म्हणाला मग माझ्याबरोबर तुझा वाटा नाही. सेवा करणाऱ्या लोकांना सेवा करून घेता येत नाही, हा आपल्यातला जुना आजार. पौल बघा, २ तीमथ्य ४ मध्ये तुरुंगातून काय लिहितो, त्रोवस गावात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, विशेषकरून चर्मपत्रं, आणि हिवाळ्याच्या आधी ये. एवढा मोठा प्रेषित आणि थंडी वाजतेय हे सांगायला लाजला नाही. कुणाकडे काय राहिलंय, काय आणायचं, कधीपर्यंत, सगळं स्पष्ट. मदत मागायची तर अशी.

शेवटचं एक काम, वही काढा. कुणाच्या घरी दुःख झालं की तारीख लिहून ठेवा, आणि त्यापुढे एक महिना, तीन महिने, एक वर्ष अशा तारखा लिहा, कारण पहिले दोन आठवडे घर माणसांनी भरलेलं असतं आणि मग एकदम कुणीच नसतं. हे मला त्या मावशींकडून कळलं. वडील जाऊन तीन महिने झाले त्या दिवशी त्या परत आल्या, अशाच न कळवता, आणि खिडकीकडे बघून म्हणाल्या, "अजून ठेवलायस होय." गोळ्यांचा डबा तिथेच होता, गुरुवारनंतरचे कप्पे भरलेले. मी म्हटलं रोज टाकायचं म्हणते, हात होत नाही. त्यांनी चष्मा काढला पर्समधून, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आण इकडे, तू उघड, मी धरते."